मुरलेल्या प्रोग्रामरची पंचाईत

नवी भाषा जुन्या माणसाला जड जाते ती सवयीमुळे, हा खुलासा रस्टच्या बाबतीत मला अपुरा वाटतो. सी आणि सी++ मध्ये उमेदीची वर्षे घालवलेले लोक पायथन सहज उचलतात; रस्टचा कम्पायलर मात्र त्यांचे साधे प्रोग्रामही पुन्हापुन्हा परत पाठवतो. याचे मूळ धंद्याच्या जुन्या रीतीत आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी सी घडवली. तिच्यात मेमरी कोणी मागायची, कोणी परत करायची आणि दरम्यान तिला कोणी हात लावायचा, हा सारा हिशेब प्रोग्रामरकडे होता. त्या काळच्या तुटपुंज्या यंत्रांवर ते रास्तही होते. पुढे तो हिशेब थोडा कॉमेंटमध्ये, थोडा टीमच्या संकेतांत आणि बराचसा डोक्यातच राहिला. आपण अनुभव म्हणतो त्यात याचा वाटा मोठा. रस्टला तोच हिशेब कोडमध्ये मांडून हवा असतो: मूल्याचा मालक एकच; उसने द्यायचे तर वाचायला कितीही जणांना, बदलायला एका वेळी एकालाच.

हा कडकपणा भाषेत पहिल्यापासून नव्हता. ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये ती फावल्या वेळात सुरू केली आणि पुढे मोझिलाने पाठबळ दिले. सुरुवातीच्या रस्टमध्ये नको झालेली मेमरी आपोआप परत करणारा गार्बेज कलेक्टर होता, हलके थ्रेडही होते. मे २०१५ मध्ये १.० आवृत्ती आली तोवर दोन्ही गेले होते, कारण सी++ च्या प्रांतात शिरायचे तर असा लवाजमा परवडत नाही. तो गेला आणि त्याचे काम मालकीच्या नियमांवर पडले. शिकणाऱ्याचा त्रास वाढणार हे उघड होते. तरी तो सौदा केला गेला.

कसलेल्या हातांना हा पहारा कशाला, असे विचारतात. पण मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरवापरातून येतात, आणि तो कोड काही नवशिक्यांनी लिहिलेला नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: कम्पायलर बरोबर प्रोग्रामही नाकारतो. हे खरेच. डिसेंबर २०१८ च्या १.३१ आवृत्तीपर्यंत उसनवारी, गरज संपली तरी, बहुधा ब्लॉकच्या शेवटापर्यंत ताणली जाई; मग ती शेवटच्या वापरापाशी संपू लागली. म्हणजे आधीच्या काही वैतागाचा दोष कम्पायलरकडेच जातो. दोन्हीकडून जोडलेली यादी तर आजही सरळ लिहिता येत नाही.

तरीही मुख्य अडचण कम्पायलरच्या हट्टाची नाही, हे लिनक्सने दाखवले. डिसेंबर २०२२ च्या ६.१ कर्नलमध्ये रस्टला प्रवेश मिळाला. मग फाइल सिस्टिमच्या सी फंक्शनांवर रस्टचे आवरण चढवताना, परत मिळालेली वस्तू कोणत्या अवस्थेत असते आणि पुढे तिचे काय करायचे, हे टाइपमध्ये मांडणे भाग पडले. सी कोड सांभाळणाऱ्यांपैकी काहींनी हरकत घेतली: आमचा कोड बदलत राहणार, तुमचे आवरण मोडले तर ते तुम्हीच निस्तरा. नियम चुकीचे मांडलेत, असा त्या हरकतीचा रोख नव्हता.