पडद्याआडची लेखिका आणि तिचा प्रकाशक

१९३३ सालीं ह. वि. मोटे यांनीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला आणि सुशिक्षित महाराष्ट्रांत एकच प्रश्न विचारला जाऊं लागला : ही विभावरी शिरूरकर कोण ? शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनांतील घुसमट त्यांत इतक्या उघडपणें मांडली होती कीं, कित्येक वाचकांना संताप आला. कित्येकांना तर ही बाई नसून कोणी पुरुषच असावा असें वाटलें.

पुस्तक खपवावयाचें तर त्या काळीं प्रकाशकाजवळ साधनें थोडीं. मासिकांत जाहिरात द्यावी, संपादकांकडे अभिप्रायार्थ प्रती धाडाव्या, एखाद्या नामांकिताची प्रस्तावना मिळवावी. नागपुराच्या उत्तरेस पारशिवनीसारख्या गांवीं नव्या पुस्तकाची वार्ता पोंचावयाची ती टपालानें येणाऱ्या अंकांतून, आणि पुस्तकहि यावयाचें तें व्ही. पी. नें. लेखकाचें नांव व लौकिक हें या साऱ्या खटाटोपाचें भांडवल. येथें तेंच झांकलेलें !

हाच पेंच विलायतेंतहि पडला होता. शार्लट ब्राँटी व तिच्या दोघी बहिणी यांनीं १८४६ मध्यें टोपणनांवांनीं आपल्या कविता स्वखर्चानें छापविल्या. त्या वेळीं शार्लटनें लंडनच्या आयलॉट आणि जोन्स या प्रकाशकांना धाडलेलीं पत्रें मुद्दाम वाचण्याजोगीं आहेत. कोणकोणत्या मासिकांना व वृत्तपत्रांना प्रती पाठवाव्या याची यादी ती देते. जाहिरातीस दोन पौंड पुरे म्हणते. पुढें अनुकूल अभिप्राय येतांच आणखी दहा पौंड खर्चण्यास सुचविते. पाळकाच्या घरांतल्या मुलीला दहा पौंड म्हणजे लहान रक्कम नव्हे. आणि वर्षभरांत खपल्या प्रती किती ? दोन ! पुढल्याच वर्षीं, १८४७ मध्यें, त्याच करर बेल या नांवानें, निराळ्या प्रकाशकाकडून तिची ‘जेन एअर’ ही कादंबरी निघाली आणि हातोहात गेली. लेखक पुरुष कीं स्त्री, हा वाद तेथेंहि माजला. १८४८ च्या जुलैंत ती स्वतः लंडनला जाऊन उभी राहीपर्यंत प्रकाशकांनीं तिचें तोंडहि पाहिलें नव्हतें. कुतूहलानें पुस्तक खपतें असें म्हणण्याचा मोह होतो. पण कवितांवरहि नांव तेंच होतें, हें विसरून चालणार नाहीं.

विभावरी म्हणजे बाळूताई खरे. अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेंत शिकलेली व पुण्यास शिक्षिका असलेली ही तरुणी. नांव फुटतें तर बोल तिच्यापुरता राहिला नसता. शिकणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बोट दाखविलें गेलें असतें. म्हणून प्रकाशकाचें काम दुहेरी झालें : पुस्तकाचा गाजावाजा करावयाचा आणि लेखिकेविषयीं मौन पाळावयाचें. १९३४ सालीं ‘हिंदोळ्यावर’ व १९३५ सालीं ‘विरलेलें स्वप्न’ या कादंबऱ्या त्याच नांवानें आल्या. १९३८ सालीं विश्राम बेडेकरांशीं विवाह होऊन ती मालतीबाई बेडेकर झाली, तरी विभावरी लोपली नाहीं. १९५३ सालीं तिनें ‘खरेमास्तर’ लिहिलें, तें आपल्या शिक्षक वडिलांवर. शाळामास्तराच्या वांट्याला असें स्मारक क्वचितच येतें.

मोट्यांनीं पुढें साहित्यिकांचीं जुनीं खासगी पत्रें गोळा करण्याचा ध्यास घेतला, आणि १९७२ सालीं ‘विश्रब्ध शारदा’चा पहिला खंड वाचकांच्या हातीं दिला.