रोजगार हमी योजना (महाराष्ट्र) : पुनर्वाटप आणि कष्टाची अट

ग्रामीण भागातील ज्या प्रौढ व्यक्तीची अंगमेहनतीची तयारी आहे, तिला मागेल तेव्हा काम देण्याची महाराष्ट्र शासनाने घेतलेली हमी. योजना १ मे १९७२ रोजी सुरू झाली. तिला कायद्याचे बळ देणारा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरी पगारदारांकडून कर घ्यायचा आणि तो भूमिहीनांना व कोरडवाहू शेतकऱ्यांना मजुरीच्या रूपाने द्यायचा, असा तिचा व्यवहार होता. म्हणजे हे संपत्तीचे पुनर्वाटपच. फक्त घेणाऱ्याने आधी घाम गाळून दाखवायचा. या एका अटीमुळे उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी योजनेला मान डोलावली. कोणाचे घेऊन कोणाला द्यायचे, हा मूळ वाद मात्र मिटला नाही. तो मोजमापाच्या टेपवर, हजेरीपटावर आणि बांध कोणाच्या शेतात घालायचा या प्रश्नावर जाऊन बसला.

योजनेच्या आधीचा वाद जमिनीचा होता. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने १९५९मध्ये आणि पुन्हा १९६४च्या सुमारास भूमिहीनांचे सत्याग्रह केले. पडीक व सरकारी जमिनी कसणाऱ्याच्या नावे करा, ही मागणी होती. राज्याचा कमाल जमीनधारणा कायदा १९६१चा. त्यातील मर्यादा पुढे १९७५मध्ये आणखी खाली आणली गेली, पण वाटपाला येणारी जमीन मागणाऱ्यांच्या मानाने थोडीच निघाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१मध्ये देशातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीच्या फेरवाटपाने दारिद्र्य हटणार नाही, कारण तेवढी जमीनच नाही; सार्वजनिक कामांवर मजुरी देणे हाच व्यवहार्य मार्ग, असे त्यांचे म्हणणे होते. डाव्यांना ही माघार वाटली, आणि ती काही अंशी होतीच. ज्या राज्यात साखर कारखान्यांच्या पट्ट्यातील बागाईतदारांच्या हाती सत्ता होती, तिथे जमिनीला हात न लावता गरिबाच्या हाती पैसा देणारा तोडगा सत्तेला मानवणार हे उघडच होते.

योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव घेतले जाते. विधान परिषदेचे दीर्घकाळ सभापती असलेल्या पाग्यांनी सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात, १९६५मध्ये याचा लहान प्रयोग करून पाहिला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना राज्यभर नेण्याचे ठरवले, आणि लगेच १९७२चा दुष्काळ पडला. नवी योजना बाजूला राहून दुष्काळी कामे सुरू झाली. मे १९७३मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. मिलो ज्वारीची भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी त्या पिढीच्या आठवणीत अजून आहे. दुष्काळाने एक गोष्ट सिद्ध केली : चांगल्या घरची समजली जाणारी माणसेसुद्धा वेळ आली की टोपली उचलतात. ‘गरिबाला फुकट खायची सवय लागते’ हा आक्षेप त्या उन्हाळ्यानंतर काही वर्षे कोणी मोठ्याने घेतला नाही.

पैसा कुठून आणायचा यावर १९७५च्या व्यवसाय कर कायद्याने उत्तर दिले. नोकरदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्यावर हा कर बसला. जोडीला बागाईत जमिनीवर आणि शहरांतील बिगरनिवासी मालमत्तांवर रोजगार हमी उपकर आला, आणि जितका पैसा जमेल तितकीच भर शासनाने स्वतःच्या तिजोरीतून घालावी असे ठरले. राज्यघटनेच्या २७६व्या कलमानुसार व्यवसाय कराची मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८च्या ६०व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. मुंबई-पुण्याच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, ते या मर्यादेत हिशेब बसवण्यासाठी. फेब्रुवारीत शंभर रुपये जास्त का गेले, असे कार्यालयात दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. हा पैसा कशासाठी गोळा होऊ लागला हे क्वचितच कोणी सांगतो. करावरचा वाद टळला याचे एक कारण हेच की कर लहान होता आणि तो निमूट कापला जात होता. दुसरे कारण उघड बोलले जात नसे. खेड्यात काम मिळाले तर दुष्काळात मुंबईकडे येणारे लोंढे थोपतील, हा शहराचाही स्वार्थ होता.

कायद्याची रचना दोन्ही पक्षांवर जबाबदारी टाकणारी होती. मजुराने नाव नोंदवायचे, नमुना क्रमांक ४ भरून काम मागायचे आणि सलग किमान ३० दिवस येण्याची तयारी दाखवायची. शासनाने १५ दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा, मूळ कायद्यात दिवसाला किमान एक रुपया. उत्पन्नाचा दाखला किंवा गरिबीची यादी यांची गरज नाही. वैशाखाच्या उन्हात मुरूम खणायला दुसरे बरे काम असलेला माणूस येणार नाही, म्हणून काम हीच चाळणी. गरजू ओळखण्याचा याहून स्वस्त मार्ग शासनाला नंतरही सापडलेला नाही. मात्र करार एका बाजूनेच पाळला गेला. भत्ता मिळाल्याची उदाहरणे विरळ. नोंदणी उशिराने करणे, मागणीची पोच न देणे, पन्नास मजूर जमल्याशिवाय काम न काढणे या वाटांनी शासनाची जबाबदारी सुटत गेली. कष्टाळूपणाची परीक्षा मजुराने रोज द्यायची; शासनाची परीक्षा घ्यायला कोणी नाही.

ही परीक्षा कशी होते हे मातीकामात दिसते. मजुरी हजेरीवर नसून कामाच्या मापावर असते. टोळी चौकडी, म्हणजे मापाचा चौकोनी खड्डा, खणते. आठवड्याअखेर अभियंता टेप लावून लांबी, रुंदी, खोली घेतो आणि घनमीटर काढून दरसूचीप्रमाणे रक्कम ठरवतो. दर मातीला वेगळा, मऊ मुरमाला वेगळा, कठीण मुरमाला त्याहून जास्त. मजूर म्हणतात पहार आत शिरत नव्हती, कागदावर येते ‘मऊ मुरूम’. त्या एका शब्दाने टोळीचा आठवड्याचा पगार खाली येतो आणि वर ‘लोक काम करीत नाहीत, म्हणून मजुरी पडत नाही’ असा निष्कर्षही निघतो. वैयक्तिक जबाबदारीवरची राजकीय भाषणे विधानभवनात होतात, तिचा निकाल चौकडीच्या काठावर लागतो. शहाद्याच्या श्रमिक संघटनेने, लाल निशाण पक्षाच्या शेतमजूर कार्यकर्त्यांनी मोर्चे काढले ते बहुतेक अशाच गोष्टींसाठी : माप, हजेरी, वेळेवर पगार, कामावर पाळणाघर आणि पिण्याचे पाणी. मजुरांत स्त्रियांचा वाटा मोठा असल्याने शेवटच्या दोन मागण्या किरकोळ नव्हत्या.

विरोधाचे सूर वेगवेगळे होते. बागाईतदारांची तक्रार, हंगामात माणूस मिळत नाही आणि मिळाला तर भाव करतो. हमीचा खरा परिणाम तोच होता : मजुराला ‘नाही’ म्हणता येऊ लागले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेची भूमिका निराळी. भीक नको, घामाचा दाम द्या, हा तिचा आग्रह. शेतमालाला रास्त भाव मिळाला तर शेतकरी मजुराला रास्त मजुरी देईल, सरकारने मधे पडू नये. हा युक्तिवाद सरळ आहे, पण ज्याच्याकडे विकायला माल नाही त्याच्यापर्यंत भाव कसा झिरपणार याचे उत्तर त्यात सैल राहते. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३मध्ये तिसरी बाजू मांडली : मजुरी गरिबाला मिळते, पण पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी येते ते जमीनमालकाच्या. गावाने आपली टीका एका ओळीत बसवली होती : ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’. खोट्या हजेरीपटांवरची ही टीका आजही ऐकू येते.

१९७९-८०मध्ये योजनेने २० कोटींहून अधिक मनुष्यदिवस काम दिले. १९८८मध्ये शेतीची किमान मजुरी दुपटीच्या आसपास वाढली आणि तिच्याशी जोडलेली हमीची मजुरीही वाढली. मजुरी वाढली तर मागणी वाढायला हवी. प्रत्यक्षात पुढच्या काळात कामे कमी झाली. मार्टिन रॅव्हॅलियन आणि सहकाऱ्यांनी याचा अर्थ असा लावला की खर्च आवरण्यासाठी कामेच कमी काढली गेली. हमी कागदावर राहिली आणि कामाचे रेशनिंग सुरू झाले. १९९०पासून योजनेला फळबाग लागवड जोडली. आंबा, काजू, डाळिंब, बोर यांच्या बागा स्वतःच्या शेतात, खड्डे आणि रोपे हमीच्या पैशातून. कोकणात आणि सोलापूर-सांगलीकडे त्याचा फायदा डोळ्यांना दिसतो. पण ज्याच्याकडे जमीन त्यालाच बाग, म्हणून पुनर्वाटपाची दिशा इथे चक्क उलटी झाली, आणि आश्चर्य म्हणजे ‘फुकटे’ हा शब्द या लाभधारकांना कोणी लावला नाही.

महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून केंद्राने २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती, महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात ती नव्हती. देशपातळीवर वाद उघड पक्षीय झाला. फेब्रुवारी २०१५मध्ये लोकसभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ही योजना काँग्रेसच्या अपयशाचे स्मारक म्हणून चालू ठेवू असे म्हटले. २०२०च्या टाळेबंदीत शहरांतून परतलेल्या मजुरांसाठी त्यांच्याच सरकारने तिची तरतूद ४०,००० कोटींनी वाढवली.

जुलै २०२४पासून राज्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली : २१ ते ६५ वयोगटातील, अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरातील स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये, थेट बँक खात्यात. काम करण्याची अट नाही. त्याच्या दोनच वर्षे आधी ‘रेवडी’ या शब्दाने अशा वाटपाची खिल्ली उडवणाऱ्या मोदींच्या पक्षाचाच राज्यातील सरकारात मोठा वाटा होता, आणि विरोधकांनी तत्त्वाचा प्रश्न न काढता ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. कष्टाची चाळणी काढल्यावर तिची जागा कागदांनी घेतली. विधानसभा निवडणुकीनंतर छाननी सुरू झाली, सरकारी नोकरीतील स्त्रियांनीही लाभ घेतल्याचे निघाले आणि २०२५मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली. घरात चारचाकी आहे का, कोण आयकर भरतो, एका कुटुंबातून किती अर्ज, हे प्रश्न अंगणवाडी सेविकांनी दारोदार विचारले.