तिकिटावरची लक्ष्मी

ट्रेडिंग कार्ड म्हटलं की आपल्या पिढीला चिप्सच्या पुड्यातले टॅझो आठवतात, नाहीतर पैलवानांची कार्डं. पण हा प्रकार मुळात सिगारेटवाल्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असायची आणि आतला माल चेपायचा, म्हणून मध्ये एक जाड पुठ्ठा घालत. रिकामा पुठ्ठा कशाला ठेवायचा म्हणून त्यावर खेळाडू, जहाजं, पक्षी छापायला लागले. लोक ती चित्रं जमवू लागले आणि धूर बाजूलाच राहिला. आपल्या रणजितसिंहजींची छबीसुद्धा इंग्लंडमध्ये अशा कार्डांवर आली होती. १९०९ ते १९११ च्या दरम्यान अमेरिकेत निघालेलं होनस वॅगनर नावाच्या बेसबॉलपटूचं असंच एक कार्ड २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं.

माझा पगार पाहता वॅगनर माझ्या नशिबात नाही (अप्रेझल झालं तरी!). शिवाय आमचं गाव पाटण. तिथे सिगारेटची कार्डं कुठून मिळणार? पण चित्र चिकटवून माल विकायची युक्ती आमच्याकडेही पोचली होती, कापडाच्या ताग्यावरून.

मँचेस्टरहून मुंबईला कापड यायचं तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत कागद चिकटवलेला असे. व्यापारी त्याला टिका, छाप किंवा सरळ तिकीट म्हणत. घेणाऱ्याला वाचता येत नसलं तरी हत्तीछाप कापड आणि वाघछाप कापड यातला फरक कळायचा. आजच्या भाषेत, अॅपचा आयकॉन! ब्रिटनमध्ये १८७५ साली ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा आला आणि तिकिटांना कायदेशीर वजन मिळालं. मग देव, राजे, आगगाड्या, नर्तकी, जे खपेल ते छापलं गेलं. छपाई दगडावरची, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, वरून कधी सोनेरी शाई. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. त्याच्या देवदेवता घरोघर पोचल्यावर तिकिटांवरही त्यांच्या नकला येऊ लागल्या. मुंबईच्या गिरण्यांनी हीच पद्धत उचलली.

आता पाटणचा संबंध. आमच्या तालुक्यातून पिढ्यान्‌पिढ्या माणसं मुंबईला गेली, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी बाजारात हमालीला. माथाडी कामगारांचे पुढारी अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याआधी डोक्यावर गासड्या वाहणाऱ्याला ना नोंद होती ना हमी. पण गासडी फुटली, तागे सुटले की एखादं तिकीट सुटून खाली पडायचं. ते खिशात जायचं आणि गणपतीला किंवा शिमग्याला गावी यायचं.

यातली गंमत म्हणा की विसंगती म्हणा, ती अशी. १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीसमोर आडवा होऊन बाबू गेनू गेला. तोही पुणे जिल्ह्यातून आलेला गिरणी कामगारच. आणि त्याच मुंबईत तशाच घाटावरच्या माणसांची चूल विलायती कापडाच्या गासड्या वाहून पेटत होती. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करायला मला जमत नाही.

असो. शोधाशोधीबद्दल. पुण्याच्या जुन्या बाजारात अशी तिकिटं म्हणून जी विकतात त्यातली बरीचशी परवा प्रिंटरमधून निघालेली असतात. दहा पटीचं भिंग ठेवा. ठिपके एकसारखे, रांगेत असले तर सोडून द्या. दगडी छपाईचे ठिपके वेडेवाकडे असतात आणि कडेला एखादा रंग रेषेबाहेर गेलेला दिसतो. पाटणला शोधायचं तर अडचण वेगळी आहे. कोयनानगर भागात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात कागद टिकणार कसा? साठच्या दशकात काही गावं शिवसागराच्या पाण्याखाली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घरंच्या घरं पडली. जे वाचलं ते ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेलं, नाहीतर देव्हाऱ्यात.

देव्हाऱ्यातलं एक मला आमच्या आत्याआजीकडे सापडलं. तिचे सासरे मुंबईला कापडबाजारात हमाल होते. तळहातापेक्षा थोडं मोठं, कमळावर उभी लक्ष्मी, रविवर्म्याच्या वळणाची, खाली इंग्रजीत बारीक अक्षरांत मँचेस्टर. साठ-सत्तर वर्षं रोज कुंकू लागून अर्धी लक्ष्मी लाल झालेली. चुलतभावाने त्याचा फोटो मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पाठवला होता. व्यापारी म्हणाला, डाग आहेत, कोपरा गेलाय, साफ करून दोन हजार. भाऊ मला विचारायला लागला, "देऊ का? तुला यातलं कळतंय."

अमेरिकेत कार्डांना एक ते दहा गुण देतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग, सगळं मोजतात. त्या हिशेबात कुंकू म्हणजे दोष, या लक्ष्मीला एक गुणही जड. मला हा हिशेबच इथे चुकीचा वाटतो. कोरी तिकिटं मँचेस्टरच्या नमुनावह्यांतून अजूनही बाजारात येतात. ती सुंदर असतात, पण ती कुठल्याच ताग्यावर बसली नाहीत, कुणाच्या खिशातून घाट चढली नाहीत. या एका तिकिटाचा मालापासून देवापर्यंतचा प्रवास त्या लाल थरातच आहे आणि व्यापारी नेमका तोच धुऊन टाकणार होता. मी भावाला तसं सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही, दोन हजार म्हणजे दोन हजार.

आत्याआजीला कुणी विचारलंच नव्हतं. तिने आतून ऐकलं आणि म्हणाली, "आरं, तुमच्या लेखी तिकीट आसंल. माझ्या घरात ती लक्ष्मी हाय. सासऱ्यांनी आणलीया, इकायची न्हाय."

तेवढ्यावर तो विषय मिटला. मी फोटो काढला, पट्टीने मापं घेतली आणि एक्सेलमध्ये नोंद केली. मालकाच्या रकान्यात 'देव्हारा' लिहिलं. परवा दिवाळीला पुन्हा पाहिलं, तर मँचेस्टरची पहिली तीन अक्षरं कुंकवाखाली गेली होती.