अर्धा शेर तांदूळ



आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत झाशीच्या राणीचा विषय निघाला की थोडी पंचाईत होते, हे जुन्या लोकांना सांगायला नको. समाधी आपल्या फूलबागेत, दरवर्षी १८ जूनला तिथे गर्दी. पण आपल्यापैकी कितीतरी जणांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीतले. १ जून १८५८ ला रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि राणी ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांची बरीच फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव महाराज आग्र्याला इंग्रजांकडे गेले. तेव्हा कुणाचा खापरपणजोबा त्या दिवशी कोणत्या बाजूला होता, हे विचारायची सोय नाही. आमच्याकडे राणी म्हणजे पुरुषांनी बैठकीत बोलायचा विषय. तोफा, तह, चूक कुणाची.

माझ्यापुरतं हे बदललं ते गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’मधल्या एका वाक्याने.

विष्णुभट गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज. बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल असं ऐकून १८५७ साली काकांबरोबर उत्तरेला निघाले. (म्हणजे निमित्त आपल्याच बायजाबाईंचं!) वाटेत बंड पेटलं आणि हिंडत हिंडत हे दोघे झाशीत जाऊन अडकले. एप्रिल १८५८ मध्ये ह्यू रोजची फौज शहरात शिरली तेव्हा ते आतच होते. लपून जीव वाचवला. कत्तल, लूट, जळणारी घरं, प्रेतं, सगळं त्यांनी लिहिलंय; पण कुठे आक्रोश नाही. चोरी झाल्यावर रोखपालाने तिजोरी मोजावी तसं, काय गेलं, कोण गेलं.

पुढे काल्पीच्या वाटेवर पहाटे एका विहिरीपाशी त्यांना राणी भेटली. पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेने व्याकुळ. भटजी पाणी शेंदायला पुढे झाले, तर तिने थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका. स्वतः शेंदलं आणि ओंजळीने प्यायली. मग जे बोलली त्याचा आशय असा, की माझ्यासारख्या विधवेला अर्धा शेर तांदूळ पुरे, मला या खटाटोपाची काय गरज होती. पण धर्माचा अभिमान धरून यात पडले.

१९७० च्या दशकात मी हे माझ्या आत्याला वाचून दाखवलं. ती फार लहानपणी विधवा झालेली, जन्मभर आमच्याच घरात, एकवेळ जेवणारी. राणीच्या गोष्टींत तिने कधी लक्ष घातल्याचं आठवत नाही. त्या दिवशी हातातलं निवडण थांबवून म्हणाली, “अर्धा शेर? एकवेळ जेवणारीला एवढा कुठे लागतो रे. बाईने जास्तच सांगितला.” आणि थोड्या वेळाने, “परत वाच ते.”

८० तोळ्यांचा पक्का शेर धरला तर अर्धा शेर म्हणजे सुमारे ४६५ ग्रॅम. झाशी खालसा केल्यावर इंग्रजांनी राणीला दरमहा ५,००० रुपये नेमणूक ठरवली होती, आणि गंगाधररावांचं कर्ज त्यातून कापायचं ठरवलं म्हणून तिने तक्रार केली होती. बँकेत जन्म गेल्यामुळे हे दोन आकडे मला शेजारी शेजारी दिसतात. आत्याला फक्त पहिला दिसला, आणि तिला तो जास्त कळला.

भटजींनी हे लिहिलं १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनीच ते १९०७ साली, भटजी गेल्यावर छापलं. (वैद्य आपल्या ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश होते.) दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून काढलेली आवृत्ती १९६६ ची. तारखांचे आणि ठिकाणांचे घोळ त्यात आहेत, त्यामुळे राणी शब्दशः हेच बोलली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मला मात्र ते खरं वाटतं. मनाने रचणारा माणूस सिंहासनाबद्दल काहीतरी लिहील, तांदळाचं माप कशाला लिहितोय?

आणखी एक सांगितलं पाहिजे. त्याच झाशीत ८ जून १८५७ ला जोखनबागेत बंडवाल्यांनी गोरे पुरुष, बायका, मुलं मिळून साठेक माणसं मारली होती. राणीचा त्यात हात होता का, यावर इतिहासकारांत वाद आहे. आत्याला मी तेही सांगितलं. “मुलांनी काय केलं होतं?” एवढंच म्हणाली. भटजींनी लिहिलेली झाशीची कत्तल ऐकतानाही ती हेच म्हणाली होती.

भटजी घरी पोचले तेव्हा दक्षिणेचं फारसं काही उरलं नव्हतं, खांद्यावर गंगेची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. राणीचा दत्तक मुलगा दामोदरराव इंदूरला इंग्रजांच्या तुटपुंज्या पेन्शनवर राहिला आणि तिथेच १९०६ मध्ये वारला. पुस्तक निघालं त्याच्या पुढच्या वर्षी.

इंदूर, ग्वाल्हेर, झाशीकडच्या कुणाच्या घरी १९०७ ची प्रत असेल तर पहिल्या पानाचा फोटो जरूर टाका. आणि जून १८५८ ची एखादी आठवण आजी-आत्यांकडून ऐकलेली असेल, पुरुषांच्या बैठकीतली नव्हे, स्वयंपाकघरातली, तर तीही लिहा. कोणत्या बाजूची आहे हे सांगितलं नाही तरी चालेल.