५७ सेंटचा खटका

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. तुमच्या गाडीची किंवा बाईकची चावी हातात घ्या. तिला काय काय लटकलंय ते बघा. घराची किल्ली, कपाटाची किल्ली, कुठून तरी आणलेलं कीचेन, बाटली उघडायचं ओपनर. किती वजन असेल? फार तर शंभर-दीडशे ग्रॅम.

एवढ्या वजनाने धावती मोटार बंद पडू शकते का? आजची गोष्ट अशाच एका गाडीची आहे. तिच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं होतं आणि ते उत्तर कंपनीतल्या माणसांना ठाऊकही होतं. तरीही गाड्या परत बोलवायला जवळजवळ दहा वर्षं लागली. मधल्या काळात माणसं गेली.

गाडीचं नाव शेवरले कोबाल्ट. कंपनी जनरल मोटर्स, म्हणजे जीएम. पुणेकरांना हे नाव तळेगावच्या कारखान्यामुळे माहीत असेल. शेवरले बीट तिथेच बनायची. पण कोबाल्ट आपल्याकडे आली नाही. ती अमेरिकेतली छोटी, स्वस्त, पहिली नोकरी लागल्यावर घ्यायची गाडी. त्यामुळे तिच्यात बसणारे बरेचसे लोक तुमच्याच वयाचे होते.

आत नेमकं काय होतं?

चावी घालून फिरवतो त्या जागेला इग्निशन स्विच म्हणतात. त्यात चावीच्या ठरलेल्या जागा असतात: बंद, मग ‘अ‍ॅक्सेसरी’ म्हणजे फक्त रेडिओ वगैरे चालू, मग इंजिन चालू. चावी प्रत्येक जागेवर खटकन बसते. तो खटका आपोआप होत नाही. आत एक बारीकशी स्प्रिंग आणि तिने दाबून धरलेला छोटा दांडा असतो. स्प्रिंग दमदार असेल तर चावी जागची हलत नाही. स्प्रिंग मऊ पडली तर चावी सहज घसरते.

कोबाल्टमधली स्प्रिंग मऊ होती. पुरवठादार होता डेल्फाय. चावी फिरवायला किती जोर लागला पाहिजे हे जीएमनेच कागदावर ठरवलेलं होतं. स्विच त्या चाचणीत बसत नव्हता, आणि तरीही २००२ मध्ये जीएमच्या इंजिनिअरने त्याला मंजुरी दिली. या स्विचच्या इतर विजेच्या तक्रारींनी तो इतका वैतागला होता, की एका ईमेलच्या शेवटी त्याने आपल्या नावासोबत ‘या नरकातल्या स्विचला कंटाळलेला’ अशा अर्थाचे शब्द लिहिले होते.

आता डोळ्यांसमोर आणा. गाडी हायवेवर आहे. चावीला जुडगा लटकतोय. रस्त्यात खड्डा आला, किंवा ड्रायव्हरचा गुडघा चावीला लागला. चावी ‘चालू’वरून ‘अ‍ॅक्सेसरी’वर घसरली. इंजिन बंद. स्टिअरिंग एकदम जड. ब्रेकला मिळणारी मदतही संपत जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एअरबॅगही बंद. पार्क केलेल्या गाडीत एअरबॅग उगाच फुटू नये म्हणून चावी ‘चालू’वर नसली की ती यंत्रणा झोपी जाते. गाडी शंभरच्या वेगाने झाडाकडे चाललेली असते, आणि तिच्या लेखी मात्र ती घरासमोर उभी असते.

लपवलेलं काहीच नव्हतं

आपल्याला वाटतं, अशा प्रकरणात कुणीतरी खलनायक बंद खोलीत बसून फाईल दाबून ठेवतो. इथे तसं झालं नाही, आणि म्हणूनच ही गोष्ट जास्त घाबरवते.

कोबाल्ट बाजारात आली २००४ मध्ये. त्याच सुमाराला कंपनीच्या माणसांना कळलं होतं, की गुडघा लागला तर ही गाडी बंद पडते. २००५ मध्ये अमेरिकन वर्तमानपत्रांत हे छापूनही आलं. कंपनीचं म्हणणं असं, की इंजिन बंद पडलं तरी गाडी वळवता येते, थांबवता येते, तेव्हा काळजीचं कारण नाही. इंजिनिअरांनी उपाय सुचवले होते. खर्च आणि वेळ बघून ते बाजूला ठेवले गेले.

का? कारण एक शब्द. कंपनीच्या कागदांवर या दोषाची नोंद ‘सुरक्षेचा प्रश्न’ अशी झालीच नाही. ती झाली ‘ग्राहकाची गैरसोय’ अशी. म्हणजे कप होल्डर सैल आहे, काच वर जाताना आवाज करते, त्याच रांगेत धावती गाडी बंद पडणं. एकदा तो शिक्का बसला की पुढचा हिशेब वेगळा होतो. सुरक्षेचा प्रश्न असेल तर खर्च विचारत नाहीत. गैरसोय असेल तर आधी विचारतात, की हे परवडेल का?

डिसेंबर २००५ मध्ये डीलरांना एक सूचनापत्र गेलं. ग्राहक तक्रार घेऊन आला तर त्याला चावीवरचं जड सामान काढायला सांगा, आणि चावीचं भोक लहान करणारा एक तुकडा बसवून द्या. त्या पत्रात ‘धावताना बंद पडणे’ यासाठीचा नेहमीचा इंग्रजी शब्द मुद्दाम टाळला होता. तो वापरला तर मामला सुरक्षेचा वाटेल, अशी धास्ती होती.

पोलिसाला कळलं ते

२००६ च्या ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक कोबाल्ट झाडांवर आदळली. दोन तरुण मुली गेल्या. एअरबॅग उघडल्या नव्हत्या. तपास करणाऱ्या राज्य पोलिसाने गाडीच्या ब्लॅक बॉक्समधली नोंद बघितली. चावी ‘अ‍ॅक्सेसरी’वर होती. त्याने कंपनीचं ते सूचनापत्र शोधून काढलं आणि २००७ च्या अहवालात सरळ लिहून ठेवलं, की चावी घसरली असावी आणि म्हणून एअरबॅग उघडल्या नसाव्यात. जी जोडणी कंपनीच्या तज्ज्ञांना वर्षानुवर्षं जमली नाही, ती एका हवालदाराने केली.

सरकारी यंत्रणाही जागी नव्हती. अमेरिकेत १९६६ पासून वाहनसुरक्षेचा कायदा आहे, त्यासाठी वेगळी संस्था आहे. तिथेही २००७ मध्ये कोबाल्टच्या एअरबॅगची चौकशी करावी असा प्रस्ताव आला, आणि चौकशी नको असं ठरलं.

स्वतःला पुसून टाकणारी दुरुस्ती

आता ऐका, खरी मेख इथे आहे. २००६ मध्ये त्याच इंजिनिअरच्या सहीने स्विच बदलला गेला. नवी स्प्रिंग, थोडा लांब दांडा. फरक दीड मिलिमीटरच्या आसपास. दोष गेला. छान झालं ना? नाही. कारण सुट्या भागाचा क्रमांक तोच ठेवला.

क्रमांक न बदलल्यामुळे कागदोपत्री काही घडलंच नाही. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांत मऊ स्विच तसाच राहिला. पुढे कंपनीचेच तपासनीस चक्रावले: २००५ ते २००७ च्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत आणि नंतरच्या गाड्यांत उघडतात, असं का? त्यांना उत्तर मिळालं, की स्विचमध्ये काहीच बदल झालेला नाही.

कोडं सुटलं ते बाहेरून. २०१० च्या मार्चमध्ये जॉर्जिया राज्यात एक तरुण नर्स कोबाल्ट चालवताना गेली. गाडी मध्येच बंद पडते म्हणून काहीच दिवस आधी तिने ती दुरुस्तीला दिली होती. आई-वडिलांनी खटला भरला. त्यांच्या वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने साधी गोष्ट केली. दुकानातून त्याच क्रमांकाचा नवा स्विच विकत आणला, तिच्या गाडीतला जुना स्विच शेजारी ठेवला, आणि दोन्ही उघडून बघितले. क्रमांक एक, वस्तू दोन! २०१३ मध्ये हे दोन्ही स्विच खटल्यात त्या जीएमच्या इंजिनिअरसमोर ठेवले गेले. आपण बदल मंजूर केला नव्हता, असं त्याने शपथेवर सांगितलं. सहीचा कागद नंतर सापडला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल सुरू झाला. आधी आठेक लाख गाड्या, मग वाढत वाढत जगभरात सुमारे २६ लाख. नव्या प्रमुख मेरी बारा यांना खुर्चीत बसून तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा त्या अमेरिकन संसदेसमोर उभ्या होत्या. तिथे खासदारांनी कंपनीच्याच कागदावरचा आकडा वाचून दाखवला: स्विच सुधारायचा जादा खर्च, प्रत्येकी ५७ सेंट. त्या वेळच्या दराने ३४-३५ रुपये. एक वडापाव आणि चहा.

मान डोलावणारी माणसं

कंपनीने नेमलेले वकील अँटन वॅलुकस यांचा अहवाल जून २०१४ मध्ये आला. त्यात दोन सवयींची नोंद आहे. एक, बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची, मग बाहेर पडून कुणीच काही करायचं नाही. दोन, हात छातीवर आडवे ठेवून बोटं दोन्ही बाजूंना दाखवायची: जबाबदारी माझी नाही, त्याची. आपल्या ऑफिसची आठवण झाली का?

शब्दांचं वेड इथेही दिसलं. २००८ च्या एका प्रशिक्षणात कर्मचाऱ्यांना शिकवलं होतं, की ‘दोष’ लिहू नका, ‘ठरलेल्या रचनेप्रमाणे चालत नाही’ असं लिहा. ‘समस्या’ लिहू नका, ‘स्थिती’ लिहा. आता विचार करा. दोष म्हणायचंच नाही, तर दुरुस्त कोण करणार?

हिशेब असा झाला. १५ जणांना कामावरून काढलं. २०१५ मध्ये कंपनीने खटला टाळण्यासाठी सरकारला ९० कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. कंपनी सुरुवातीला १३ मृत्यू म्हणत होती. भरपाईच्या निधीने १२४ मृत्यू आणि २७५ जखमींचे दावे मान्य केले आणि सुमारे ५९ कोटी डॉलर वाटले. एकाही व्यक्तीवर फौजदारी खटला झाला नाही.

आणि आपण?

आपल्याकडे २०१२ पासून वाहन कंपन्या स्वतःहून रिकॉल जाहीर करत आल्या आहेत. सक्तीच्या रिकॉलची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात आली आणि १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. त्यानुसार सात वर्षांपर्यंतच्या गाडीबद्दल मालकांच्या तक्रारी ठरावीक संख्येपुढे गेल्या तर सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, दंडही करू शकतं. म्हणजे तुमची तक्रार मोजली जाते. पण मोजली जायला ती आधी नीट लिहिली जायला हवी.

म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलात तर जॉब कार्ड वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही म्हणालात ‘चालू गाडी हायवेवर बंद पडली’, आणि कार्डवर आलं ‘जनरल चेकअप’. तर नम्रपणे म्हणा, “दादा, मी सांगितलं तेच लिहा.” त्या कार्डचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आणि चेसिस क्रमांक टाकून कंपनीच्या साईटवर आपल्या गाडीचा रिकॉल आहे का तेही बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

त्या नर्सने तक्रार केली होती. ती योग्य माणसांपर्यंत योग्य शब्दांत पोचली असती, तर आजच्या भागाला विषयच उरला नसता.

भेटू पुढच्या भागात. तोवर चावीचा जुडगा जरा हलका करा!