रूट कॅनाल झाले, पण दाढ वाचली का?

तीन-चार खेपांनंतर दाढेचा ठणका थांबतो, गालावरची सूज उतरते, रात्रीची झोप परत येते. 'आता दाढेवर कॅप बसवून घ्या' हे दंतवैद्यांचे सांगणे रुग्णाच्या कानावर पडलेले असते. पण दुखणेच उरलेले नसल्याने ते मागे पडते. त्यातच कॅपचा खर्च पुष्कळदा रूट कॅनालच्या खर्चाएवढा, कधी त्याहूनही अधिक असतो. दुखत नसताना पुन्हा खर्च कशासाठी, असा विचार करून तो दिवस पुढे ढकलला जातो. मग काही महिन्यांनी किंवा वर्षा-दोन वर्षांनी शेंगदाणा वा सुपारी चावताना 'कट्' असा आवाज होतो आणि दाढेचा तुकडा हातात येतो. दाढ हिरडीच्या वर तुटली असेल तर ती सावरता येते. चीर मुळात उभी उतरली असेल तर मात्र ती काढण्यावाचून सहसा गत्यंतर उरत नाही. रूट कॅनालवर घातलेला वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात.

रूट कॅनाल हा दाढेच्या आतल्या भागावरचा उपचार आहे. कीड एनॅमल आणि त्याखालचे डेंटिन पोखरत दंतमज्जेपर्यंत, म्हणजे बोलीभाषेत ज्याला 'नस' म्हणतात तिथपर्यंत पोहोचली की तेथे संसर्ग होतो. दंतवैद्य दाढेच्या माथ्यावर छिद्र पाडून ही मज्जा काढून टाकतात, कानशीसारख्या बारीक फाइल्सनी मुळांतील नलिका साफ व रुंद करतात, जंतुनाशक द्रावणाने धुतात आणि गटा-पर्चा या पदार्थाने त्या भरून बंद करतात. गटा-पर्चा हा मलाया परिसरातील झाडांच्या चिकापासून मिळणारा, रबराच्या जातीचा पदार्थ आहे. संसर्गाचा बंदोबस्त झाला, तरी किडीने खाल्लेला आणि खोदकामात गेलेला दाढेचा भाग परत येत नाही. वरून साधी दिसणारी दाढ आतून पोकळ झालेली असते.

'वाळलेल्या' दाताची समजूत

नस काढलेला दात 'मरतो', त्यातील ओलावा जातो आणि म्हणून तो वाळक्या फांदीसारखा ठिसूळ होतो, अशी समजूत रुग्णांत आणि एके काळी दंतवैद्यांतही रूढ होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रूट कॅनाल झालेले दात आणि त्याच व्यक्तींच्या दुसऱ्या बाजूचे जिवंत दात यांची तुलना करण्यात आली. दोहोंच्या मजबुतीत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. दाढ कमकुवत होते ती तिचा किती भाग गेला यामुळे. १९८९ मधील एका प्रयोगाने ते मोजून दाखवले. काढलेल्या उपदाढांवर केलेल्या त्या प्रयोगात केवळ रूट कॅनालसाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा ताठपणा सुमारे ५ टक्केच घटला. माथ्यावर चांदी-सिमेंट भरण्यासाठी करतात तसा खड्डा केल्यावर तो सुमारे २० टक्क्यांनी, तर पुढून मागे आरपार जाणारा खड्डा केल्यावर तब्बल ६३ टक्क्यांनी कमी झाला.

या आकड्यांचा अर्थ असा, की दाढेच्या पुढच्या व मागच्या कडेचे कठडे शाबूत आहेत की नाहीत, यावर तिचे भवितव्य ठरते. कठडे गेले की दाढेच्या माथ्यावरचे उंचवटे एकमेकांपासून सुटे पडतात. त्यातून चावण्याचा सर्वाधिक जोर दाढांवरच येतो. समोरच्या दाढेचा उंचवटा मधल्या खळग्यात रुततो तो ओंडक्यात पाचर ठोकावी तसा, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात. पुढच्या दातांचे तसे नसते. तेथे जोर कमी असतो आणि पाचरीची क्रियाही होत नाही. म्हणूनच पुढच्या दाताचे रूट कॅनाल झाले म्हणजे कॅप बसवलीच पाहिजे, असे नाही. छिद्र लहान असेल आणि बाकी दात धड असेल तर रंगाशी मिळतेजुळते कॉम्पोझिट भरून भागते.

कॅप काय करते?

दंतवैद्यकात 'क्राउन' आणि लोकांत 'कॅप' म्हणून ओळखले जाणारे हे आवरण दाढेच्या सर्व उंचवट्यांना झाकून त्यांना एकत्र बांधते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात, त्यातलाच हा प्रकार. मात्र धाव बसायला लाकूड हवे, तशी कॅप बसायला दाढ हवी. हिरडीच्या वर सभोवार निदान दीड ते दोन मिलिमीटर उंचीची मूळ दाताची भिंत कॅपच्या कवेत आली पाहिजे, असा दंडक आहे. ती नसेल तर आत भरलेल्या सिमेंटवर कॅप केवळ टेकून राहते. ती निघण्याची, प्रसंगी मुळासकट दाढ तडकण्याची भीती असते.

येथे आणखी एक गैरसमज आढळतो. मुळात 'खिळा', म्हणजे पोस्ट बसवल्याने दाढ भक्कम होते, असे अनेकांना वाटते. पोस्टचे काम वरचा भराव धरून ठेवण्याचे. त्याने मूळ मजबूत होत नाही. उलट त्यासाठी मुळातील आणखी भाग कोरला तर ते अशक्तच होते. दाढेत मज्जेची मोठी खोली भरावाला पकड देण्यास सहसा पुरेशी असल्याने पोस्टची गरज क्वचितच भासते.

कॅप बसवलेल्या आणि न बसवलेल्या दातांचे पुढे काय होते, याची नोंद अनेक अभ्यासांनी घेतली आहे. २००२ मधील एका अमेरिकी अभ्यासात, रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट आढळले. थायलंडमधील २००५ च्या अभ्यासात केवळ कॅप नसलेल्या दाढांचाच मागोवा घेण्यात आला. एका वर्षानंतर त्यांपैकी ९६ टक्के टिकून होत्या, दोन वर्षांनंतर ८८ टक्के आणि पाच वर्षांनंतर अवघ्या ३६ टक्के. पहिल्या वर्षी काहीच न झाल्याने रुग्ण निर्धास्त का होतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्याच अभ्यासात ज्या दाढांचा बहुतेक भाग शिल्लक होता, त्यांपैकी ७८ टक्के दाढा पाच वर्षांनंतरही टिकल्या होत्या.

हे पुरावे अंतिम मानता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. जुन्या नोंदी चाळून काढलेल्या निष्कर्षांत एक उणीव राहते. ज्या दाढेचा भरवसा असतो आणि ज्या रुग्णाला दातांची काळजी असते, तेथेच कॅप बसण्याची शक्यता अधिक. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये घेतलेल्या आढाव्यात कॅप आणि साधा भराव यांची थेट तुलना करणारी एकच योग्य चाचणी सापडली. तीही ११७ रुग्णांच्या उपदाढांवरची. त्यामुळे सरसकट प्रत्येक दाढेला कॅप हा आग्रह शास्त्राला धरून नाही. दोन्ही कठडे शाबूत असलेल्या दाढेला चांगला भराव किंवा फक्त उंचवटे झाकणारा 'ऑनले' पुरतो का, हे रुग्णाने जरूर विचारावे. मात्र किडीने एक-दोन भिंती खाल्लेल्या दाढेबाबत फारसा वाद उरत नाही, आणि आपल्याकडे रूट कॅनालपर्यंत पोहोचणाऱ्या बऱ्याच दाढा याच अवस्थेतल्या असतात.

विलंबाचा आणखी एक तोटा आहे. रूट कॅनालनंतरचा तात्पुरता भराव झिजतो, त्याच्या कडेने लाळ झिरपते आणि तिच्यासोबत जंतू पुन्हा नलिकांत उतरतात. मुळाशी संसर्ग परतला तर उपचार पहिल्यापासून करावा लागतो. २०१६ च्या एका अभ्यासात चार महिन्यांनंतर कॅप बसवलेले दात काढावे लागण्याचा संभव, त्याआधी बसवलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळला. दुखणे पूर्ण थांबले की काही आठवड्यांतच कॅप बसवून घेणे उत्तम. तोवर त्या बाजूने कडक पदार्थ चावू नयेत.

धातू की झिर्कोनिया?

कॅपसाठी दाढ सर्व बाजूंनी सुमारे एक ते दोन मिलिमीटर घासली जाते, मग तिचे माप घेऊन किंवा स्कॅन करून ते प्रयोगशाळेत पाठवले जाते. कॅप तयार होईपर्यंत तात्पुरती कॅप लावतात. संपूर्ण धातूच्या कॅपला सर्वांत कमी घासावे लागते. ती फुटत नाही आणि स्वस्तही पडते. दिसायला ती चंदेरी, हाच तिचा दोष. पण शेवटच्या दाढेत तो कोणाला दिसणार? निकेलची अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र धातू कोणता, ते आधी विचारावे. धातूवर पोर्सेलिन चढवलेली कॅप दातासारखी दिसते, परंतु पोर्सेलिनचा टवका उडू शकतो. अखंड झिर्कोनियाची कॅप पांढरी असूनही भक्कम असते आणि महागही. तिच्यासोबत प्रयोगशाळेचे दहा-पंधरा वर्षांचे वॉरंटी कार्ड मिळते. ही हमी कॅपची असते, दाढेची नव्हे.

कॅपला कीड लागत नाही. कॅप आणि दाढ यांच्या सांध्याला लागते. नस नसल्याने ही नवी कीड दुखतही नाही. त्यामुळे हिरडीलगत ब्रश फिरवणे, दोन दातांमधील फट फ्लॉसने साफ करणे आणि वेळोवेळी क्ष-किरण तपासणी करणे अगत्याचे ठरते. झोपेत दात खाण्याची सवय असल्यास रात्री लावायचा गार्ड करून घ्यावा.

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींत दातांचे असे उपचार धरले जात नाहीत, तेव्हा खर्चाचा विचार रूट कॅनाल सुरू होण्यापूर्वीच व्हायला हवा. कॅपसह एकूण खर्च किती आणि कॅप पेलण्याइतकी दाढ शिल्लक आहे का, हे दोन प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावेत. दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल तर दाढ काढून ब्रिज वा इम्प्लांटचा विचार करणे अधिक शहाणपणाचे. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यांच्या मानाने कमी खर्चात होतात. तेथे खेपा मात्र अधिक घालाव्या लागतात.

बसवलेली कॅप कधी निघालीच तर ती धुऊन डबीत जपून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत दंतवैद्यांकडे न्यावी. घरातल्या चिकटद्रव्याने ती स्वतः चिकटवू नये. आतली दाढ धड असेल तर पुष्कळदा तीच कॅप पुन्हा बसवता येते.