निधी नाकारलेली आयडिया
लग्नाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर टाकला की साइज एकदम उतरते, पण चेहरे ओळखू येतातच. हे जमतं कसं?

चला १९७२ मध्ये. बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद तेव्हा अमेरिकेत, कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत शिकवत होते. चित्राचे चौकोन पाडायचे, गणिताने ठळक भाग आणि बारीक तपशील वेगळे करायचे. डोळ्याला न जाणवणारे तपशील मग गाळता येतात. त्यांनी सरकारी निधी मागितला. मिळाला नाही, कल्पना फारच सोपी वाटली म्हणे! तरी १९७३ चा उन्हाळा त्यांनी बिनपगारी यावरच घालवला.

१९७४ मध्ये नटराजन आणि राव यांच्यासोबत शोधनिबंध छापून आला. तंत्राचं नाव डीसीटी. पुढे जेपीईजी, एमपीईजी याच पायावर उभे राहिले. त्या ‘सोप्या’ कल्पनेशिवाय तुमचा फोन कधीच भरला असता!